चिमणीचं कपाट

कॉलेजात तिला सगळे फुटपट्टी म्हणायचे, आणि हाक मारताना नुसतं पट्टी. अंगावर मांस नाही, पाठ कधी वाकलेली नाही, आणि घरसजावटीच्या डिप्लोमाला असल्यामुळे हातात पट्टी नाहीतर टेप कायमचा. हे नाव पाडणाऱ्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. पाडलं होतं हॉस्टेलच्या खोलीतल्या तिच्या मैत्रिणीनं. त्या मैत्रिणीला पट्टी चिमणी म्हणायची. बुटकी, गुबगुबीत, आणि सकाळी डोळे उघडले की तोंड जे सुरू व्हायचं ते दिवसभर थांबायचं नाही.

तीन वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या. पट्टीला कसल्या ना कसल्या जागेचं माप घेऊन नकाशा काढायचा अभ्यास असायचा. कॅन्टीन झालं, वाचनालय झालं, एकदा तर वॉर्डनबाईंची खोली झाली. टेपचं दुसरं टोक धरायला चिमणी. ती शिकत होती जमाखर्च, तिला भिंतींशी काही देणंघेणं नव्हतं, पण टोक धरून उभी राहायची आणि "अजून किती गं, माझा हात गळून पडेल" म्हणून कुरकुरायची. कुरकुरली तरी टोक कधी सोडलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पुढे तिच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

त्या तीन वर्षांत दोघींनी एक घर तोंडानंच बांधून काढलं होतं. शिकून झालं की मोठ्या शहरात जायचं, भाड्यानं एक खोली घ्यायची, दाराला दोन किल्ल्या, एक हिची एक तिची. खिडकीकडची बाजू कोणाची यावरून दोघी खरोखरच भांडल्या होत्या, आणि खोलीचा अजून पत्ता नव्हता. "खिडकी माझी," चिमणी म्हणायची, "तुला काय, तू भिंतीकडे बघूनसुद्धा खूश असतेस."

नोकरी आधी पट्टीला लागली. स्वयंपाकघरातली कपाटं बनवून बसवणारी एक कंपनी होती, तिथे माप घेणारी म्हणून. चिमणीचीही नोकरी त्याच शहरात ठरली होती, पण ती दोन महिन्यांनी रुजू होणार होती. म्हणजे घर शोधायचं काम पट्टीवर आलं. तिला ते काम वाटलंच नाही.

तोवर ती मामाकडे राहिली. मामी वाईट बाई नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "राहा गं, तुझंच घर आहे," असं मामी रोज म्हणायची आणि सकाळी सहाला पट्टीच्या अंथरुणाभोवती खुर्च्या आपटून झाडू मारायची. अंथरूण जेवणाचं टेबल आणि फ्रिज यांच्या मधल्या फटीत. फटीची रुंदी दोन फूट दोन इंच. पट्टीनं ती पहिल्याच दिवशी मोजली होती, आणि मोजली नसती तर बरं झालं असतं, कारण मग रोज अंग टाकताना तो आकडा आठवायचा. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे.

महिना झाल्यावर मामीनं डाळ निवडता निवडता विषय काढला. "एक तारखेला माझी बहीण येतेय. लेकीची परीक्षा इथे आहे, दोन महिने राहतील म्हणते. तशी तूही राहू शकतेस गं, पण..."

तो 'पण' मामीनं तिथेच ठेवला आणि डाळ पाखडायला उचलली. मामा पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं. पट्टीला काय समजायचं ते समजलं.

तिनं खोल्या बघायचा सपाटा लावला. एक दलाल गाठला. त्यानं पहिली खोली 'हवेशीर' म्हणून दाखवली. हवा होती खरी, खिडकीला काचच नव्हती. दुसरीत पलंग उचलून भिंतीला टेकवल्याशिवाय न्हाणीघराचं दार उघडत नव्हतं. तिसरी चांगली होती, पण मालकीणबाई म्हणाल्या, "दिवसा आमची सूनबाई इथे शिकवणी घेते. तुम्ही तर ऑफिसलाच असाल ना?" आणि रविवारी? "रविवारी जादा तास." पट्टी प्रत्येक खोलीत टेप काढून लांबी-रुंदी घ्यायची, दलाल जिन्यात बसून जांभया द्यायचा. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्हाला घर पाहिजे की घराची मापं?"

तेराव्या खेपेला मेट्रनबाईंची खोली मिळाली. मेट्रनबाई म्हणजे मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. खाली स्वतः एकट्या राहायच्या, वरची खोली भाड्यानं. बाहेरून जिना, अठरा फूट बाय अकरा, ओटा, न्हाणीघर आतच, आणि पूर्वेला भली रुंद खिडकी. पट्टीनं "मावशी" अशी सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला.

"मावशी-बिवशी नको. सगळा दवाखाना मला मेट्रन म्हणायचा. बस. एकटीला देत नाही मी खोली. दोघी असाल तरच."

"दोघी आहोत."

"एकमेकींना किती ओळखता?"

"तीन वर्षं एका खोलीत होतो."

"जाहिरातीतून जमलेल्या तर नाही ना? मागच्या दोघी तशा आल्या होत्या. सहा महिन्यांत खोलीच्या मधोमध खडूनं रेघ ओढली. एकीच्या बाजूला पंखा, एकीच्या बाजूला दिवा. मी भांडणं सोडवायला निवृत्त झालेली नाही. अनोळखी माणसं मला वर नकोत."

मेट्रनची माणूस पारखायची एक पद्धत होती. कागदपत्रं, ओळखपत्रं, पगाराची पावती, यातलं काही त्या मागत नव्हत्या. "वॉर्डात पेशंटला विचारलं, औषध घेतलंस का, तर तो हो म्हणतो. शेजारच्या कॉटवाल्याला विचारायचं. तो खरं सांगतो." म्हणून त्या एकीला दुसरीबद्दल विचारायच्या, दुसरीला पहिलीबद्दल. दोघींना वेगवेगळं बसवून.

पट्टीला त्यांनी चिमणीबद्दल विचारलं. रागावली की काय करते, आजारी पडली की काय मागते, कशाला घाबरते. पट्टी मुळात मितभाषी, पण त्या दिवशी अर्धा तास बोलत होती. रागावली की कपडे धुवायला काढते, धुतलेलेसुद्धा. आजारी पडली की कोणीतरी शेजारी बसलेलं लागतं, बोलायचं मात्र नाही. घाबरते कुलूप लागलेल्या दाराला. नावही तिनं चिमणी एवढंच सांगितलं. मेट्रननीही दुसरं विचारलं नाही.

"बरं," मेट्रन म्हणाल्या. "आता ती तुझ्याबद्दल काय सांगते ते ऐकते. एक तारखेच्या आत घेऊन ये. तोवर दुसऱ्या कोणाला दाखवत नाही. सामान टाकायचं तर टाक."

सामान म्हणजे पट्टीच्या डोक्यात एकच होतं, कपाट. खोलीच्या मधोमध दोन्ही बाजूंनी उघडणारं कपाट उभं करायचं, म्हणजे एका खोलीच्या दोन होतील. भिंतीकडची बाजू तिची, खिडकीकडची चिमणीची. तिनं तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून त्याचा नकाशा काढला. चिमणीच्या बाजूचा दांडा खाली, फळ्या खाली, सगळं तिच्या हाताच्या टप्प्यात. चिमणीचा हात वर किती पोचतो हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही. पाच फूट दहा, टाचा उचलल्या तर तीन इंच आणखी. नकाशा तिनं खोलीच्या पत्त्यासकट फोनवर पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "एक नंबर!!" पुढे सहा बदाम.

कंपनीत एक नियम होता. कितीही घाई असो, नकाशावर गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय फळीला करवत लावायची नाही. माणसं नकाशा न बघताच हो म्हणतात आणि कपाट उभं राहिलं की कपाळाला हात लावतात. उरलेल्या फळ्यांतून कपाट करून द्यायला कारखान्यातले सुतारकाका तयार झाले. त्यांनी नकाशा हातात घेऊन पहिला प्रश्न तोच विचारला.

"सही कुठाय?"

"काका, मैत्रीण आहे माझी."

"मग तर घेच."

ती हसली. काकाही हसले आणि त्यांनी करवत लावली. आयुष्यात एकदाच तिनं तो नियम मोडला. कपाट वर चढवताना मेट्रन जिन्याशी उभ्या होत्या. "ह्या बाजूच्या फळ्या इतक्या खाली का गं?"

"तिचा हात वर जात नाही," पट्टी म्हणाली.

चिमणी फोनवर भेटत होती. सामान बांधतेय म्हणाली. मग आई सोडत नाही म्हणाली. मग रुजू व्हायची तारीख चार दिवस पुढे गेली म्हणाली. पट्टीनं प्रत्येक वेळी "काही हरकत नाही" म्हटलं आणि मेट्रनना जाऊन नवी तारीख सांगितली.

सव्वीस तारखेला पट्टी एका नव्या उंच इमारतीत माप घ्यायला गेली. त्या इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांचं काम त्यांच्या कंपनीकडे होतं, महिनाभर ती तिथे मजल्यामागून मजले मोजत होती. त्या दिवशी बाराव्या मजल्यावरचं घर. जोडीचा माणूस रजेवर, ती एकटीच. यादीत मालकाचं नाव, पुढे 'भाडेकरू राहतात' एवढंच. तिनं बेल वाजवली. दार चिमणीनं उघडलं.

केसांना टॉवेल गुंडाळलेला, हातात चहाचा कप. चिमणीनं सवयीनं तोंड उघडलं.

"पट्टे! अगं, तू कशी काय?"

"माप घ्यायला आलेय."

"ये ना, ये. अगं, मी तुला सांगणारच होते."

"कधी आलीस?"

"दहा दिवस झाले." चिमणीनं कप खाली ठेवला, परत उचलला. "कंपनीतल्या दोघी राहत होत्या इथे, त्यांना तिसरी हवी होती. सगळं तयार गं. कपडे धुवायचं यंत्रसुद्धा आहे. आणि बस फाटकातून सुटते. तू इतकी खुशीत होतीस, मला सांगवेना. रोज ठरवायचे, आज सांगते. आणि तुझ्या त्या खोलीला न्हाणीघर बाहेर आहे ना?"

"आत आहे. नकाशात दाखवलंय."

"हो का? अगं, तो मी नीट उघडलाच नाही. फोनवर बारीक दिसतं ना."

पट्टीनं पिशवीतून टेप काढला, वही काढली आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्याची भिंत लांब होती. एका हातात टोक धरून दुसऱ्या हातानं टेप ओढायचा तर टोक सुटून सटकन परत आलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा चिमणी पुढे आली, ओटा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात वाकली आणि तिनं टोक धरलं.

"तीन ठिकाणी ना?" ती म्हणाली. "खाली, मध्ये, वर."

"हो."

माप तीन ठिकाणी घ्यायचं, कारण भिंत सरळ दिसते पण सरळ नसते. तिन्हींतलं जे सगळ्यात कमी येईल ते खरं मानायचं. वरच्या मापाला चिमणीचा हात पोचेना, तिनं टाचा उचलल्या. पट्टी आकडे लिहीत राहिली. शेवटी तिनं वही पुढे केली. घरात जे असेल त्याची सही लागायची.

"कुठे करू?" चिमणीनं विचारलं, आणि न वाचता सही करून टाकली.

खाली उतरल्यावर पट्टी इमारतीच्या फाटकाशी उभी राहिली. तिथून खरंच एक बस सुटत होती. एक तारखेला पाच दिवस होते. मामीनं बहिणीसाठी गाद्या उन्हात घातल्या होत्या, आणि मेट्रनना अनोळखी माणूस चालत नव्हतं.

कंपनीजवळच्या छायाप्रतींच्या दुकानात भिंतीवर चिठ्ठ्यांचा खच असायचा. जुनी सायकल विकणे आहे, गणित शिकवू, मांजर हरवलं. त्यात एक चिठ्ठी पट्टी आठवडाभर बघत होती, आपल्याला काय करायचंय म्हणून पुढे जात होती. 'खोलीत जागा पाहिजे. मी घोरत नाही.' सत्तावीस तारखेला तिनं त्यावरचा नंबर फिरवला.

चिठ्ठीवाली भेटली एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराशी. भूगोलाची पदवी घेऊन ती त्या हॉटेलच्या धुलाईखात्यात लागली होती. पलंगपोसांना इस्त्री होते त्यावर देखरेख, असं काम. उंच, खांद्यानं रुंद, हातांवर वाफेचे चटके. दीड महिना ती कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर झोपत होती, आणि वरच्यांना ते कळलं होतं. पट्टीनं तिला सगळं सांगितलं. मैत्रीण, खोली, मेट्रनची पद्धत.

इस्त्रीवालीनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी तिची जागा घ्यायची."

"जागा नाही. नाव."

"एकच झालं," ती म्हणाली. "मग सांग तुझ्याबद्दल. तीन वर्षांचं मला तीन दिवसांत पाठ करायचंय. तुला राग आला की तू काय करतेस?"

पट्टीला ते माहीत नव्हतं. आजारी पडल्यावर आपण काय मागतो? काही मागत नाही बहुतेक. कशाला घाबरतो? तिला चिमणीचं सगळं येत होतं, स्वतःचं काही येत नव्हतं. मग तिच्या मनात आलं की चिमणी इथे असती, मेट्रनसमोर बसली असती, तर ती तरी काय बोलली असती? तासभर बोलली असती. स्वतःबद्दल. हे तिला त्या मागच्या दाराशी पहिल्यांदा कळलं आणि ती तिथल्या पायरीवर बसली.

दोघी तीन दिवस संध्याकाळी त्या पायरीवर बसल्या. पट्टी गावाबद्दल, आईबद्दल, कॉलेजबद्दल सांगायची. इस्त्रीवाली ऐकायची, मध्येच तिच्याकडे बघत राहायची. तीस तारखेला दोघी मेट्रनकडे गेल्या.

मेट्रननी पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि हे वरपासून खालपर्यंत बरंच होतं. "ही चिमणी?"

"घरात सगळ्यात धाकटी मी," इस्त्रीवाली म्हणाली. "नाव पडलं ते पडलं."

"आणि फळ्या खाली कशाला?"

या प्रश्नाची तयारी दोघींनीही केली नव्हती.

"खांदा धरतो माझा," इस्त्रीवाली म्हणाली. "हात वर जात नाही." आणि तिनं उजवा हात कानापर्यंत नेऊन तोंड वाकडं केलं. मेट्रन उठल्या. त्यांनी तिचा खांदा दाबून, फिरवून पाहिला, हूं म्हणाल्या, आणि पट्टीला बाहेर जायला सांगितलं. खिडकी उघडी होती. पट्टी जिन्यावर बसून ऐकत होती.

"रागावली की काय करते ही?"

"बोलत नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "काहीतरी मोजायला लागते. समोर जे असेल ते. पायऱ्या, फरश्या. तेव्हा तिला विचारलं ना, किती झाल्या, तर आकडा सांगते. राग सांगत नाही."

पट्टीनं खाली पाहिलं. जिन्याला सतरा पायऱ्या होत्या.

खोली मिळाली. अशा रीतीनं पट्टीला घर मिळालं आणि दाराला दोन किल्ल्या आल्या, आणि तिला वाटलं होतं तसं त्यातलं काहीही झालं नाही. मेट्रन खालून हाक मारायच्या, "चिमणे, पाणी आलंय गं!" आणि धिप्पाड इस्त्रीवाली "आले, मेट्रन!" म्हणून धावायची. रोज संध्याकाळी तिला अंगणात खांद्याचे व्यायाम करावे लागायचे, मेट्रन समोर खुर्ची टाकून मोजायच्या. दर रविवारी दोघी जिन्यावर बसून मोठ्यांदा गप्पा मारायच्या, कारण जुन्या मैत्रिणी गप्पा मारतात. इस्त्रीवाली कधी न पाहिलेल्या वॉर्डनबाईंची नक्कल करायची, आणि ती पट्टीनं सांगितली होती त्याहून बरी व्हायची. मग वर येऊन दार लावलं की दोघी आपापल्या बाजूला जायच्या. कपाटाच्या खालच्या फळ्यांवर इस्त्रीवालीला वाकावं लागायचं. तिनं एका अक्षरानंही तक्रार केली नाही. तिचं खरं नाव त्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. पट्टीला कधी कधी ते आठवावं लागायचं आणि त्याची तिला लाज वाटायची. ती बाई चांगली होती, पण चांगली आहे म्हणून जीव लावावा एवढी ताकद पट्टीकडे उरली नव्हती. जी होती ती तिनं बाराव्या मजल्यावर घालवली होती.

चिमणीचे सुरुवातीला फोन आले. पट्टीनं उचलले नाहीत. पुढे ते बंद झाले. ते बंद झाल्याचाही तिला रागच आला.

पाच महिन्यांनी, रविवारी दुपारी, पट्टी जिन्याच्या कठड्यावर चादर वाळत घालत होती. मेट्रन फाटकाशी कुंड्यांना पाणी घालत होत्या. फाटकाची कडी वाजली.

"पट्टी इथेच राहते ना?"

तो आवाज पट्टीनं शंभर माणसांत ओळखला असता. फाटकात चिमणी उभी होती. खांद्याला पिशवी, हातात बॅग, तोंड उतरलेलं.

"राहते," मेट्रन म्हणाल्या. "तू कोण?"

"मी चिमणी."

मेट्रननी झारी खाली ठेवली. चष्मा सारखा केला. त्यांनी त्या बुटक्या मुलीला एकदा पाहिलं आणि मग मान वर करून कठड्याकडे पाहिलं. "चिमणी तर वर आहे," त्या म्हणाल्या. "केस विंचरतेय. तूच सांग गं पट्टी, ही कोण?"

"पट्टे!" चिमणी हसली, हसता हसता तिचा आवाज चिरकला. "सांग ना यांना. अगं, त्या दोघींनी तिसरीच कोणीतरी आणली, मला म्हणाल्या आठ दिवसांत बघ दुसरीकडे. मला कुठे जायचं सुचेना."

पाच महिने पट्टीनं बोलायची वाक्यं तयार ठेवली होती. आंघोळ करताना, बसमध्ये, भिंती मोजताना ती घासूनपुसून ठेवलेली. त्यातलं एकही आठवलं नाही. आठवलं एवढंच, की खरं बोललं तर वर केस विंचरणारी उद्या परत बाकावर आणि आपण परत फ्रिजच्या फटीत. आणि अगदी खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. आत कुठेतरी तिला बरं वाटत होतं.

"ओळखते मी यांना," ती म्हणाली. "एकदा यांच्या घरी माप घ्यायला गेले होते."

'यांना' ऐकल्यावर चिमणीचं तोंड बंद झालं. तीन वर्षांत पट्टीनं ते कधी असं बंद झालेलं पाहिलं नव्हतं. तिनं बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"तो नकाशा मी काल उघडला," ती म्हणाली. "खिडकी माझ्याकडे दिली होतीस."

मग ती वळली. फाटकाची कडी तिला लावता येईना, मेट्रननी लावली. त्यांनी झारी उचलली, उरलेलं पाणी शेवटच्या कुंडीत घातलं आणि त्या जिन्याच्या पायथ्याशी आल्या.

"त्या वरच्या पोरीला सांग, व्यायाम आता पुरे. खांद्याला काही झालेलं नाही तिच्या. पहिल्याच दिवशी हाताला लागलं होतं मला."

पट्टीनं कठडा धरला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलायचं काय त्यात? नाव काहीही असू दे. तुझ्याबद्दल तिनं जे सांगितलं ते खरं होतं, मला तेवढं पुरलं." मेट्रननी रस्त्याकडे पाहिलं. "मघाशी तू खरं बोलली असतीस तरी मी कोणाला घालवणार नव्हते. जागा आहे खालीही. मी फक्त विचारलं, ही कोण."

त्या आत गेल्या. वरून इस्त्रीवालीनं विचारलं, "कोण होतं गं?" कठड्यावरून वळणापर्यंतचा रस्ता सरळ दिसायचा. चिमणी बॅग ओढत चालली होती, दर थोड्या पावलांनी हात बदलत होती. साठ फूट. सत्तर. नव्वद. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर होतं, आणि वळण येईपर्यंत पट्टी ते मोजत राहिली.